श्वास घेणारी टाकी

कोकिळा गाडी बांधतेय, ही ज्योत्स्नाला आधी थट्टाच वाटली.

जळगावात पिंप्राळ्याला दोघींची घरं एका गल्लीत. शाळा एक, बाकही एकच. दहावीनंतर वाटा फुटल्या. ज्योत्स्ना मराठी घेऊन एम.ए. झाली आणि कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. कोकिळा वडिलांच्या मागे मोटरसायकलवर बसून केळीच्या बागांत ठिबकच्या नळ्या जोडायला जाऊ लागली. बारा वर्षं झाली. आता वडिलांची कंबर धरली होती आणि काम तिच्या एकटीच्या अंगावर होतं. यावलकडून शेतकऱ्यांचे फोन यायचे, "ताई, शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही." ती जायची. बांधावर उभी राहून नुसतं शेताकडे पाहायची. मग चालत जाऊन बोट ठेवायची. उकरलं की चूक तिथंच सापडायची.

गाडी तिच्या धाकट्या भावासाठी होती. ललित एकवीस वर्षांचा. धुळ्याबाहेरच्या माळावर मातीतली शर्यत भरते, तिथं त्याला उतरायचं होतं. एका वेल्डरला हाताशी धरून त्यानं लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा केला होता. मागे भंगारात निघालेल्या गाडीचं इंजिन बसवलं होतं. बाटलीतून पेट्रोल देऊन ते सुरूही केलं होतं. उरलं होतं एवढंच की पेट्रोल ठेवायचं कुठं आणि इंजिनापर्यंत न्यायचं कसं.

"अर्ध्या दिवसाचं काम आहे," ललित म्हणाला.

त्यांची आई भिकुबाई निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवून म्हणाली, "मले त्यातलं काही समजत नाही. कोकी जोडत असेल तर बस त्या गाडीत. दुसऱ्या कोणी जोडलं, तर मी तुले उंबऱ्याबाहेर पडू देणार नाही."

ललित हसला. कोकिळा हसली नाही. भाऊ त्या गाडीतून धडधाकट परत येतो की नाही, हे आता तिच्या हातावर होतं, आणि ते तिला त्याच क्षणी कळलं होतं.

अर्ध्या दिवसाच्या कामाला तिनं सहा आठवडे घेतले.

पहिले दोन दिवस तर तिनं काहीच केलं नाही. अंगणात सांगाड्यासमोर पाट टाकून बसली. मग बारा लिटरचा पाण्याचा कॅन भरला आणि दोरीनं सांगाड्यात बांधला. आधी पुढे. मान हलवली, सोडला. मग अगदी मागे. तोही सोडला. मग सीटच्या खाली.

"हा खेळ काय आहे?" ज्योत्स्नानं विचारलं.

"टाकीची जागा शोधतेय. पुढे ठेवली तर पहिली धडक टाकीलाच. मागे ठेवली तर मागून येणारा तिच्यावरच चढेल. खाली ठेवली तर दगड."

"मग?"

"मग मधे. सीट आणि इंजिनाच्या मधे, जमेल तेवढी खाली."

"म्हणजे ललितच्या पाठीशी?"

कोकिळानं दोरी हातावर गुंडाळली. "पेट्रोल कुठं तरी ठेवावंच लागतं, ज्योत्स्ने. जिथं ठेवीन तिथं भिंत बांधीन. एक पत्रा त्याच्या बाजूनं, एक इंजिनाच्या बाजूनं."

ज्योत्स्ना त्या दिवशी घरी गेली आणि तिला कॉलेजात शिकवायचा धडा वाचवेना. रिकाम्या सांगाड्याकडे पाहून चहूबाजूंनी येणाऱ्या धडका जिला दिसतात, ती आपल्या शेजारी दहा वर्षं बाकावर बसत होती, हे तिला नव्यानं कळत होतं.

पंप निवडायला कोकिळा जुन्या बाजारात चार वेळा गेली. तीन पंप परत केले. चौथा कानाला लावून ऐकला, बादलीत चालवून पाहिला आणि ठेवून घेतला. तो तिनं टाकीच्याही खाली, टाकीला खेटून बसवला.

"इतका खाली कशाला?" ज्योत्स्नानं विचारलं.

"पंप ढकलण्यात पैलवान असतो आणि ओढण्यात रडका. विहिरीवरचा घे नाही तर हा घे. पेट्रोल त्याच्या तोंडाशी आपोआप आलं पाहिजे."

पंपाच्या आधी जाड जाळी, म्हणजे खडा आत जाऊ नये. पंपाच्या पुढे बारीक फिल्टर, म्हणजे धूळ इंजिनात जाऊ नये. इंजिनाला नको असेल ते पेट्रोल परत टाकीत आणणारी दुसरी नळी. कोकिळाला हे कुणी शिकवलं नव्हतं. केळीच्या बागेत ती हेच करत आली होती. तिथं नळीच्या टोकाला झाड असतं. इथं इंजिन होतं.

मग लोटगाडीचा प्रकार झाला, आणि गल्लीला महिनाभराची करमणूक मिळाली.

झालं असं, की वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला पळतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते, हे कोकिळाच्या मनात आलं होतं. ते तिला डोळ्यांनी पाहायचं होतं. तिनं पाण्याचा पारदर्शक जार अर्धा भरला, त्यात नीळ टाकली, खाली पंप जोडला आणि सगळं भाजीवाल्याच्या लोटगाडीवर बांधलं. ललितनं लोटगाडी पळवायची आणि गल्लीच्या कोपऱ्यावर गर्रकन वळवायची. ही शेजारून पळणार, डोळे जारवर.

कोपऱ्यावर झुलालभाऊंचं गॅरेज. तीस वर्षं गाड्या दुरुस्त करणारा माणूस. ते दारात येऊन उभे राहिले.

"काय गं कोकिळा, निळं सरबत विकायला काढलं का?"

"हो भाऊ. तुम्हाला ग्लास काढू?"

"काढ. पण आधी त्या पोराला पाज, त्याच्या तोंडाला फेस आलाय."

बाविसाव्या फेरीला कोकिळानं हात वर केला. नळीतून निळ्या पाण्याऐवजी बुडबुडे जात होते. "उचकी लागली," ती म्हणाली. चेहरा असा, जणू हरवलेलं पैंजण सापडलं.

त्यावर तिनं उपाय केला तो लोट्याएवढा. टाकी आणि इंजिनाच्या मधे एक छोटं, उभट, स्टीलचं भांडं. एक साधा पंप टाकीतून ते सतत काठोकाठ भरत राहणार. मोठा पंप त्याच्या तळातून पेट्रोल घेणार. टाकीतलं पेट्रोल वळणावर कुठंही पळो, लोटा रिकामा होणार नाही. पुन्हा निळं पाणी, पुन्हा कोपरा. चाळीस फेऱ्या झाल्या, एक बुडबुडा आला नाही. ललित कट्ट्यावर आडवा झाला. झुलालभाऊ आत गेले आणि थोड्या वेळानं त्यांनी तिघांना चहा पाठवला.

नळ्यांची वाट तिनं आधी सुतळीनं आखली. सुतळी सायलेन्सरजवळून गेली की ती उठवायची. सांगाड्याच्या खालून गेली की उठवायची. ललितचा हात जिथं घासेल तिथून उठवायची. तीन वेळा सगळी सुतळी सोडून तिनं पुन्हा लावली. चौथ्यांदा तिच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आता हिला कुठंच भीती वाटत नाहीये."

ज्योत्स्नानं एम.ए.ला दोन वर्षं वाक्यांचं कौतुक ऐकलं होतं, केलं होतं. एका वाक्यासाठी तिनं स्वतः कधी तीन वेळा सुतळी सोडली नव्हती. ती कोकिळाला पान्हे देत बसायची. चुकीचे द्यायची. "मास्तरीण, चौदा मागितला, हा बारा आहे," असं ऐकून घ्यायची.

शर्यत रविवारी होती. त्याआधीच्या सोमवारी काम संपलं. झुलालभाऊंनी येऊन गाडी वरून-खालून पाहिली, प्रत्येक क्लॅम्प ओढून पाहिला.

"माझ्या पोरांना असं जोडता येत नाही," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे सोन्याचं कडंच.

मंगळवारी दुपारी ज्योत्स्ना पेपर तपासायला गाडीच्या सीटवर जाऊन बसली. ऊन होतं, म्हणून ओढणी डोक्यावरून घेतली होती. तासाभरानं घरी गेली तर आई म्हणाली, "पेट्रोल पंपावर गेली होतीस का?"

बुधवारी तिनं ते कोकिळाला सहज सांगितलं. गंमत म्हणून.

कोकिळाच्या हातातला पान्हा थांबला. "ओढणीच्या कुठल्या टोकाला वास होता? मांडीवरच्या की डोक्यावरच्या?"

"डोक्यावरच्या. का गं?"

कोकिळा गाडीच्या मागे गेली.

झुलालभाऊ तिथंच होते. ते म्हणाले, "अगं, पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचा वास येणार नाही तर काय अत्तराचा येणार?"

ती हसली नाही. सीटमागच्या उंच कमानीवर, ललितचं डोकं येईल तिथं, एक छोटी झडप होती. कोकिळा तिच्याकडे बघत होती, एखाद्या शेताकडे बघायची तशी.

"टाकी श्वास घेते," ती हळू बोलली. "पेट्रोल खाली गेलं की तेवढी हवा आत यायला लागते. ऊन लागलं की आतली वाफ बाहेर पडायला लागते. त्यासाठी ही वाट ठेवली."

"मग बरोबरच आहे की," ज्योत्स्ना म्हणाली.

"शेतात बरोबर आहे. ठिबकच्या नळीत हवा अडकते, म्हणून एअर व्हॉल्व्ह सगळ्यात उंच जागी लावतात. बारा वर्षं तेच केलं. इथंही हात आपोआप उंचावर गेला. मी विचारच केला नाही." ती थांबली. "शेत कधी उलटं होत नाही, ज्योत्स्ने."

आता झुलालभाऊही जवळ आले.

"गाडी उलटली की सगळ्यात उंच जागा सगळ्यात खाली येणार. टाकीतलं पेट्रोल ह्या वाटेनं खाली येणार. ललितच्या मानेवर. तो पट्ट्यानं बांधलेला असेल. इंजिन तापलेलं असेल."

टाकीची जागा शोधायला दोन दिवस, वळणासाठी बासष्ट फेऱ्या, सुतळीसाठी चार वेळा. आणि जिथं तिचा हात सगळ्यात तयार होता, तिथंच चूक.

झुलालभाऊ म्हणाले, "मीही पाहिली होती ती झडप. मलाही काही वाटलं नाही. पण पोरी, चार दिवस राहिलेत. सगळ्याच गाड्या काही उलटत नाहीत."

"एकच उलटायची असते, भाऊ."

तिनं त्याच संध्याकाळी झडप काढली. दुसऱ्या दिवशी भंगार बाजारात जाऊन नव्या धाटणीच्या एका गाडीच्या टाकीवरून अंगठ्याएवढा एक तुकडा सोडवून आणला. ज्योत्स्नाच्या हातात ठेवला. "फुंक."

ज्योत्स्नानं फुंकलं. हवा आरपार गेली.

"आता उलटा करून फुंक."

आत टिक असं काही तरी हललं. ज्योत्स्नानं गाल फुगवले, डोळ्यांत पाणी आलं, हवा जाईना. आत एक गोळी होती. सरळ असताना ती बाजूला बसायची. उलटं झालं की वाट बंद करायची. ज्योत्स्नानं ते सात-आठ वेळा करून पाहिलं. इतकी छोटी वस्तू, आणि तिला कळत होतं आपण सरळ आहोत की उलटे.

तो तुकडा कोकिळानं टाकीच्या माथ्यावरच बसवला. त्याच्यापुढची नळी तिनं डावीकडून वर नेली, कमानीवरून आडवी उजवीकडे आणली, मग खाली उतरवून मागच्या चाकाच्या बाहेर सोडली. वाफ ललितपासून लांब. आणि गोळीनं दगा दिला तरी पेट्रोलला एवढा वळसा घालावा लागणार. टाकीच्या झाकणाचं रबरही बदललं. शुक्रवारी रात्री नऊला काम संपलं.

"आता झालं ना?" ललितनं विचारलं. त्याला झोप आवरत नव्हती.

"जोडून झालं," कोकिळा म्हणाली. "सकाळी उलटी करू."

शनिवारी सकाळी कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटवर वना त्याची माणसं घेऊन आला. वना यावलचा. केळी भरणाऱ्या टोळीचा मुकादम. आठ जण, खांदे दगडासारखे. पण कोकिळानं त्यांना ताकदीसाठी बोलावलं नव्हतं. हे लोक घड उचलून ठेवतात ते सालीला डाग न लागू देता. जमिनीवर त्यांनी वाळलेली केळीची पानं टाकली, वर जुन्या गाद्या.

टाकी काठोकाठ भरली. ज्योत्स्नाला वाटलं होतं, पाणी भरतील. कोकिळा म्हणाली, "पाणी जिथं थांबतं तिथून पेट्रोल झिरपतं. खोटी परीक्षा घेऊन काय करू?" बॅटरी काढून लांब भिंतीवर ठेवली. सगळ्यांचे मोबाइल आणि वनाची काडेपेटी भिकुबाईच्या पिशवीत गेली. वाळूच्या चार बादल्या, ओली गोणपाटं तयार.

ललित सीटकडे निघाला. "मीच चालवणार. मीच बसतो."

भिकुबाईनं त्याचा दंड धरला. "आखाजीच्या सणाले लिंबाले झोका कोण बांधते?"

"आई, आता झोका कुठून आला?"

"जो बांधते तो आधी बसते. मग पोरी बसतात. फांदी मोडली तर त्याची मोडली पाहिजे." ती बोलत होती ललितशी, पण कोकिळाकडे पाहत नव्हती. पाहिलं असतं तर तिला ते बोलता आलं नसतं.

कोकिळा बसली. पट्टे आवळले, हेल्मेट घातलं. गळ्याभोवती आणि मांडीवर स्वच्छ पांढरं धोतराचं कापड पसरून ते पट्ट्यांखाली खोचलं. एक थेंब पडला तरी डाग दिसावा.

"अक्का, सांग कधी ते," वना म्हणाला.

"घ्या."

"चला रे! घड आहे समजा. घाई करशीन तर डाग पडीन!"

आठ जणांनी गाडी उचलली. आधी डाव्या कुशीवर. थांबले. ज्योत्स्ना वाकून पाहत होती. काही नाही. मग हळूहळू, श्वास धरून, पूर्ण उलटी. सांगाडा गाद्यांवर टेकला. कोकिळा पट्ट्यांत लटकली, वेणी खाली लोंबली. तिच्या पाठीमागे, एका पत्र्याच्या पलीकडे, बारा लिटर पेट्रोल डोक्यावर उभं होतं.

"मोज," ती म्हणाली.

ज्योत्स्ना मोजू लागली. तीनशेपर्यंत मोजायचं ठरलं होतं. वीस. तीस. टाकीत डुबुक असा आवाज झाला आणि सगळ्यांचे खांदे दचकले. साठ. कोकिळाचा चेहरा लाल झाला होता, कपाळाची शीर फुगली होती. डोळे मात्र उघडे. ती नळीकडे पाहत होती, जणू बांधावर उभी आहे. नव्वदला ज्योत्स्नाला रडू फुटलं. तिनं आयुष्यात धैर्यावर निबंध लिहिले होते. धैर्याचं तोंड असं लालबुंद असतं आणि ते घामही टिपत नाही, हे तिला माहीत नव्हतं.

"पुढे मोज ना गं," कोकिळा उलटीच ओरडली. "डोकं माझं फुटतंय, रडतेस काय तू!"

वनाची माणसं हसली. हसता हसताही गाडीवरचा हात कुणी काढला नाही.

तीनशे.

गाडी सरळ केली. कोकिळानं पट्टे सोडले, दोन पावलं झोकांड्या खात चालली आणि मातीत बसली. गळ्याभोवतीचं कापड काढून तिनं उन्हात धरलं. घामाचे डाग होते. तिनं ते नाकाशी नेलं, मग ज्योत्स्नाला दिलं, मग झुलालभाऊंना. झुलालभाऊंनी बराच वेळ हुंगलं.

"घाम आहे," ते म्हणाले. "नुसता घाम."

भिकुबाईनं पिशवीतून मोबाइल काढून ज्याचे त्याला देऊन टाकले. मग ललितला म्हणाली, "जाय आता धुळ्याले."

रविवारी पहाटे गाडी टेम्पोत घालून ते धुळ्याला निघाले. माळावर अकरा गाड्या होत्या. त्या तपासायला तोताराम नाना नावाचे एक म्हातारे मिस्त्री होते. ते खाली वाकले, कमानीवरून फिरलेली नळी त्यांनी बोटानं शेवटपर्यंत गाठली.

"हाई नळी इतला फेरा मारीसन काब लई गयी, पोरी?"

"गाडी उलटली तर पेट्रोल मानेवर यायला नको म्हणून, नाना."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पुन्हा नळीकडे पाहिलं. "बठ्ठं बरोबर शे. जा."

शर्यत झाली. धूळ एवढी की अर्धा वेळ कुणाची गाडी कुठली ते कळत नव्हतं. ललितची गाडी तीन वळणं घेऊन सहा वेळा समोरून गेली. ती उलटली नाही. अडखळली नाही. आवाज एकसारखा येत राहिला. तो पाचवा आला. लोक पहिल्या तिघांना उचलून नाचत होते. ह्या गाडीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. सगळ्या माळावर एकटी ज्योत्स्ना त्या गाडीकडे पाहत उभी होती.

ललित हेल्मेट काढत आला. तोंड पडलेलं. "पाचवा," तो म्हणाला.

"उचकी लागली का वळणावर?" कोकिळानं विचारलं.

"नाही."

"वास?"

"नाही. पण ताई, गिअर जर थोडे..."

ती ऐकायला थांबली नाही. पाठीवर झोपून गाडीखाली शिरली. आतून तिचा आवाज आला, "फिल्टर धुळीनं भरलाय. पुढच्या वेळी मोठा लावायला लागेल. चौदाचा दे गं."

ज्योत्स्नानं पान्हा दिला. बरोबर दिला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. भिकुबाई होती.

"काय झालं गं तिकडे?"

ज्योत्स्नाला खूप काही सांगायचं होतं. माळ, धूळ, आवाज, नानांचं बोट. तिनं गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पायांकडे पाहिलं. ललित शेजारी उभा राहून पाणी पीत होता.

"काही झालं नाही, काकू."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

पलीकडे पिठाच्या डब्याचं झाकण वाजलं. मग भिकुबाई म्हणाली, "मंग जेवाले घरीच या. कळण्याच्या भाकरी टाकते."